शहाण्णवावी सही

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी मेलेल्या माणसांच्या नावांपुढे फुल्या मारत होते.

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा भरायची वाट बघत बसले होते. ऑगस्टचा पहिला आठवडा, थांबून थांबून पडणारा पाऊस, आणि मांडीवर आमच्या गावाची मतदारयादी, अर्धी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. शेजारी एक मुलगा येऊन बसला. केसांवर, भुवयांवर कापसाचा पांढरा भुरा... पॉवरलूमची शिफ्ट संपवून थेट आलेला. थोडा वेळ त्याने ट्रॅफिक बघितलं. मग माझी यादी बघितली.

"देवरामवर फुली नका मारू," तो म्हणाला. "आजा हाय माझा."

"ते गेले ना?"

"तीन वर्षं झाली. पन फुली बघून कसंतरी होतं."

मी फुली मारली नाही. नावापुढे एक बारीक टिंब काढलं. त्याने ते नीट वाकून बघितलं आणि मान हलवली, जणू तपासून पास केलं.

मग म्हणाला, आता माझं नाव शोधा. हितेश. मी सगळी पानं दोनदा चाळली. त्याची आई सीताबाई सापडली, आजा सापडला, तो नव्हता. तेव्हा त्याने हसत कबूल केलं की नाव इथं नाहीच. खालच्या पाड्यात जन्मला, पण दोन वर्षांपासून भिवंडीत खोली घेऊन राहतो. हारूनशेठच्या कारखान्यात सोळा लूम सांभाळतो. रेशनकार्डाला सोपं पडेल म्हणून शेठनेच सगळ्या कामगारांची नावं शहराच्या यादीत घालून दिली.

"मग शोधायला का लावलं?"

"तुम्ही किती मन लावून शोधता ते बघत व्हतो, मॅडम."

आता हे आठवलं की मला हसू येतं. तेव्हा मात्र मी रिक्षा सुटेपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

मी मनिषा. तेव्हा रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन वर्ष झालं होतं आणि कापड रंगवणाऱ्या एका डाइंगच्या लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासायचं काम करत होते. मोजायची सवय तिथली. आमच्या वरच्या पाड्याच्या खाली गुरचरण आहे. गुरं तिथंच चरतात, आणि तिथंच शेंदूर लावलेला वाघोबा आहे, ज्याच्या दर्शनाला पेरणीआधी आणि कापणीनंतर सगळे पाडे जाऊन येतात. त्या गुरचरणातून गोदामाचा रस्ता काढायचा, असा ठराव पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे येणार होता.

नियम मी छापील कागदावर वाचला होता. सभेला मतदारांच्या पंधरा टक्के माणसं लागतात. सहाशे चाळीसचे पंधरा टक्के म्हणजे शहाण्णव. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मात्र माणसांची अट नसते. ती सभा हमखास कामाच्या दिवशी ठेवतात. सगळे मजुरीला गेलेले असतात, आणि दहाजण बसून काय हवं ते मंजूर करून टाकतात. आमच्या गावात गेली सहा वर्षं एकही सभा पहिल्या दिवशी पूर्ण भरली नव्हती. माणसं झेंड्याला यायची, जिलेबी खायची आणि घरी जायची.

हे सगळं मी हितेशला पुढच्या शुक्रवारी सांगितलं. शुक्रवारी लूम बंद असतात. तो आईला भेटायला आला होता, आणि का कोण जाणे, आईकडून उठून वरच्या पाड्यात आला होता.

"सहाशे चाळीसमधे ते फुल्यांचे अकरा मेलेलेबी धरले?" त्याने विचारलं.

"यादीत आहेत म्हणजे धरले."

"म्हंजे त्यांच्या वाटणीचंबी जित्या मानसांनीच यायचं."

त्या शुक्रवारी आम्ही दोघं दारोदार फिरलो. मी नियम सांगायची आणि लोक जांभया द्यायचे. हितेश फक्त म्हणायचा, जिलेबी खाऊन दोन तास बसायचं, वाघोबासाठी. लोक हो म्हणायचे. एका बांधावर माझी चप्पल चिखलात रुतली. त्याने ती उपसली, ओहोळात धुतली आणि माझ्यापुढे ठेवून तोंड दुसरीकडे फिरवून उभा राहिला. मी चप्पल घालायला हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ लावला.

खाली उतरताना त्याने सांगितलं की सोळा लूम चालू असताना एका लूमचा एक धागा तुटला तरी त्याला ऐकू येतं. मी विचारलं, कसं शक्य आहे, तेवढ्या आवाजात? तो म्हणाला, आवाजात नाही, आवाज कमी झाला की कळतं.

मग जरा थांबून, "ल्हानपनी मला देश म्हंजे शाळेतला तो झेंड्याचा खांब वाटायचा. तुला?"

तुम्हीचं तू कधी झालं, माझ्या लक्षात आलं नाही.

"नकाशा," मी म्हटलं.

"आनि आता?"

मी हातातली पिशवी दाखवली. भिजलेली, फुल्यांची, एका टिंबाची यादी. तो हसला नाही.

पंधरा ऑगस्टला सकाळी झेंडावंदन झालं. आमच्या गावचा विपुल पोरांना घेऊन मोटरसायकलींची रॅली काढणार होता. प्रत्येक गाडीला झेंडा, मागे टेम्पोवर डीजे. तो मला म्हणाला, तू का येत नाहीस, देशप्रेम फक्त आम्हीच करायचं का? मी त्याला म्हटलं, जाऊन या, पण अकरापर्यंत सभेला या, तुम्ही बाराजण आहात. तो हो हो करत गेला. डीजेचा आवाज कोन गावाच्या दिशेने जात जात बंद झाला. अकराला ते आले नाहीत.

शाळेच्या वर्गात सतरंजीवर माणसं बसत होती. माझा बाबा भरत सगळ्यात पुढे, जाड भिंगाचा चष्मा लावून. ठकी मावशी दारात उभी राहून बायकांना आत ढकलत होती. शेजारच्या बायजाबाईने जिलेबीचा पुडा आतच आणला होता, कोणी उठू नये म्हणून. हजेरीवहीत सह्या आणि अंगठे पडत होते. ग्रामसेवक अर्धा तास थांबायला तयार झाले. नव्वद. ब्याण्णव. पंच्याण्णव... आणि मग बराच वेळ कोणीच नाही. सरपंच घड्याळाकडे बघत होते. त्यांना घाई नव्हती; सभा तहकूब झाली तर रस्ता त्यांचाच होता.

दारात थोडी हालचाल झाली. ग्रामसेवकांनी वही बघून म्हटलं, शहाण्णव झाले, सुरू करू या.

वर्गात एकदम सगळे बोलायला लागले. ठकी मावशीने माझ्या पाठीवर थाप मारली. मी वहीजवळ गेले, मोजायची सवय म्हणून. शेवटच्या ओळीत सही होती, वळणदार, जरा जास्तच मन लावून केलेली. हितेश.

तो भिंतीला टेकून उभा होता. केस धुतलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. माझ्याकडे बघून त्याने भुवया जराशा उडवल्या, जणू म्हणत होता, दिला ना आकडा पुरा करून?

मला नेमकं आठवतं की त्या क्षणी मला किती आनंद झाला होता. तो आनंद खरा होता. ओळ मात्र खोटी होती. गप्प राहणं सोपं होतं, आणि मी गप्प राहिले असते तर वाघोबा वाचला असता, निदान त्या दिवशी. पण मग मी सहा वर्षं दहा माणसांत सभा उरकणाऱ्यांना काय म्हणणार होते?

मी पेन उचलून त्या नावावर एक सरळ रेघ ओढली.

"पंच्याण्णव आहेत," मी म्हटलं. "हे या यादीतले मतदार नाहीत."

हितेश पुढे आला. आवाज चढवला नाही त्याने, आणि तेच मला लागलं.

"माझी नाळ या पाड्यात पुरलीय, मनिषा. मी हितला न्हाय?"

"आहेस," मी म्हटलं. "मतदार नाहीस."

त्याने वहीतली ती रेघ एकदा बघितली. मग वळला आणि गेला. सभा पुढच्या गुरुवारपर्यंत तहकूब झाली.

तो शुक्रवार आला आणि गेला. हितेश आला नाही. मी लॅबमध्ये एकाच नमुन्याचा सामू तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा वेगळा आला. सोळा लूमच्या आवाजात काय कमी झालं की त्याला कळतं, ते मला त्या आठवड्यात कळलं.

मी कोणाच्या घरी गेले नाही. काय तोंडाने जाणार होते? पण ठकी मावशी गेली होती. मला ते गुरुवारी कळलं, जेव्हा कामाच्या दिवशी, ऐन अकरा वाजता, शाळेच्या वर्गात माणसं मावेनात. गोदामात हमाली करणारे खाडा करून आले होते. विपुल आणि त्याची पोरं मागे उभी होती, कोणाच्या डोळ्याला डोळा न देता. मी मावशीला विचारलं, तू काय सांगितलंस सगळ्यांना?

"खरं ते सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, पोरीनं सोताच्या मानसाचं नाव खोडलं. तुम्हाला नुसतं येऊन बसाया काय व्हतं?"

सोताच्या मानसाचं. आम्हा दोघांतही अजून न झालेली गोष्ट दोन्ही पाड्यांना आधीच माहीत होती.

हात वर करून मतं मोजली. रस्त्याच्या बाजूने बावीस, विरोधात एकशे सतरा. मी मोजताना खिडकीतून बाहेर बघितलं. शाळेच्या फाटकाबाहेर हितेश उभा होता, अर्धी शिफ्ट टाकून आलेला, केसांत कापूस. "विरोधात" म्हटल्यावर त्याचा हात खांद्यापर्यंत वर गेला. मग त्याला काहीतरी आठवलं. त्याने हात खाली घेतला आणि खिशात घातला.

माझी मोजणी तिथं चुकली. ग्रामसेवकांनी परत मोजलं.

सगळे वाघोबाकडे नारळ घेऊन गेले तेव्हा मी फाटकाशी गेले.

"राग गेला?" मी विचारलं.

"न्हाय." तो जमिनीकडे बघत होता. "सात दिस इचार करत व्हतो. पोरीनं मला खोडलं. मग वाटलं... ही एकदा नाव लिहील, तर तेबी असंच खरं लिहील."

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. मतदारयादीत पत्ता बदलायचा अर्ज. नाव, वय, जुना पत्ता पेन्सिलने भरलेला. नवा घर क्रमांक रिकामा.

"आईचा लिही," मी म्हटलं. "खालच्या पाड्यातला. तोच तुझा."

"तो हायच." त्याचे कान लाल झाले होते. "पन एक इचारायचं व्हतं, कायद्याचं. पोरी लगीन झाल्यावर दुसऱ्याच्या घरचा नंबर लिहितात. पोरानं लिहिला तर... चालतो?"

आमच्या पाड्यांत घरजावई काही नवा नाही. बाबाचा मामा तसाच आला होता. गुरचरणातून नारळ फोडल्याचा आवाज आला, मग लोकांचा गलका.

"कायद्यात अडचण नाही," मी म्हटलं. "पण माणूस खरंच राहायला आल्याशिवाय पत्ता लिहिता येत नाही. खोटा अर्ज मी भरू देणार नाही."

तो हसला. त्या आठवड्यातलं पहिलं हसू होतं ते, आणि चार वर्षांनी आजही मला त्याचा उजेड नेमका कुठून आला ते सांगता येतं.

"मग कवा येऊ राहाया?"

मी कागदाची घडी त्याच्या हातात परत दिली. हात सोडला नाही.

"भात कापून होऊ दे," मी म्हटलं. "बाबाला मी सांगते."