धुराड्यातला डावा जोडा

कॅनडातल्या विनिपेगला डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. अशाच एका संध्याकाळी वनिता आणि देवेश नव्या घरातली बंद फायरप्लेस मोकळी करत होते. तिथे देवघर बसवायचं होतं. नवं म्हणजे त्यांना नवं. घर एकशे दहा वर्षांचं. घेताना इन्स्पेक्टरनं चाळीस पानी रिपोर्ट दिला होता. फर्नेस, छप्पर, पाइप, सगळं होतं त्यात. धुराड्यात हात घालून मात्र कुणी पाहिलं नव्हतं. कोण कशाला पाहतोय! सही झाली की काम झालं.

विटांमागून देवेशनं एक जोडा काढला. लहान मुलाचा, डाव्या पायाचा. चामडं वाळून लाकूड झालेलं.

"शी! देवघराच्या जागी पायताण?" वनिता म्हणाली. "टाक आधी बाहेर."

मंगळवारी कचऱ्याची गाडी तो घेऊन गेली. बुधवारी ते शेजारच्या डोरीनबाईंना कळलं. बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांची आजी इंग्लंडमधल्या एका खेड्यातून आलेली.

"धुराड्याला दार नसतं, डिअर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वरून जे उतरतं, ते मूल समजून जोड्यात शिरतं... आणि अडकतं. तुमच्या ईराचा एक जोडा ठेवा तिथं. आजच."

"म्हणजे यांच्याकडेही काळी बाहुली टांगतात तर!" घरी येऊन देवेश हसला.

पण चार वर्षांच्या लेकीचं नाव निघालं होतं. वनिताला हसू आलं नाही. तिनं मॉलमधून जोडा आणला, चांगला कोरा. देवाधर्माच्या कामाला वापरलेली वस्तू कुणी देतं का? डावा जोडा आत ठेवून तिनं विटा लावल्या आणि वर हळदकुंकू वाहिलं.

गुरुवारी अंधार पडता पडता भिंतीतून आवाज आला. टक... मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. एकाच पायाचा.

शुक्रवारी तो जिन्यावर होता. मागोमाग ओल्या काजळीचा वास.

शनिवारी तो ईराच्या खोलीपाशी येऊन थांबला. आतून ईरा म्हणाली, "मॉम, ही वॉन्ट्स टू कम इन."

वनितानं तिला उचलून घेतलं आणि डोरीनबाईंना फोन लावला.

"तिचा वापरलेलाच जोडा ठेवलात ना?"

"नाही... नवा. कोरा."



"ते फसतं माणसाच्या घामाला, पायाच्या आकाराला. कोरा जोडा कुणाचाच नसतो, डिअर. तुम्ही त्याला चालायला पायताण दिलंत..."

विटा जशाच्या तशा होत्या. देवेशनं त्या काढल्या. जोड्याचा तळ झिजून भोक पडलं होतं, आणि पुढून तो फाटला होता, आतला पाय वाढल्यासारखा.

"वनिता... हा गरम आहे."

बाहेर उणे तीस होतं. देवेश आता हसत नव्हता.

वनितानं ईराचा जुना, टाच झिजलेला बूट आत ठेवला. विटा बसवल्या. आवाज थांबला. ईरा आईच्या कुशीत शांत झोपली.

रविवारी पुढच्या दारातली फरशी पुसताना वनितानं देवेशचे दहा नंबरचे बूट बाजूला सरकवले. डाव्याचा तळ ओला होता. तिनं आत हात घातला. ऊब होती, नुकताच पाय काढावा तशी.

देवेश तीन दिवस घराबाहेर पडलेला नव्हता.