गाडी थांबवून बोलायच्या गोष्टी

ज्या वर्षी शहरात हेल्मेटसक्ती आली, त्या वर्षी सगळी माणसं एकाएकी सारखी दिसायला लागली. बाजारात हेल्मेट एकाच जातीचं आलं होतं – काळं, गोल, कडेला लाल पट्टी. सासरे सिग्नलला जावयाला ओळखेनासे झाले, आणि काही घरांत त्यामुळे संबंध सुधारलेही.

अशाच एका संध्याकाळी पिनू फोटो स्टुडिओतून बाहेर पडली. पिनू म्हणजे सलूनवाल्यांची मुलगी. पुढे बाबांचं पुरुषांचं सलून, मध्ये पडदा, पडद्यामागे तिचं बायकांचं. केस बांधताना ती पिना दातांत धरायची आणि सगळी भांडणं त्या पिनांच्या फटीतूनच करायची, म्हणून ती पिनू. त्या दिवशी एका गायिकेच्या डोक्यावर केसांचा चार मजली मनोरा उभा करून तिचे हात भरून आले होते. दादा घ्यायला येणार होता. कोपऱ्यावर काळं, गोल, लाल पट्टीचं हेल्मेट घातलेला एक जण मोटारसायकलवर बसलाच होता. पिनूने आपलं हेल्मेट चढवलं, मागे बसली आणि त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

“चल आता. किती वेळ उभी आहे मी.”

गाडी मुकाट्याने निघाली.

“ओला टॉवेल पलंगावर कोण टाकतं रे? मी टाकते?”

गाडीने एक खड्डा चुकवला.

“बाबा बोलत नाहीत म्हणून मी बोलते. तुला अक्कल कधी येणार?”

“प्रयत्न चालू आहे, मॅडम,” पुढून आवाज आला.

मॅडम म्हणतोय. वर टोमणे. पिनूने आणखी एक गुद्दा घातला. भुरभुर पाऊस सुरू झाला होता, हेल्मेटच्या काचेवर थेंब तिरपे पळत होते, आणि घराकडचं वळण मागे गेलेलं तिला दिसलंच नाही. गाडी थांबली ती एका मोठ्या फाटकापाशी. पुढच्याने हेल्मेट काढलं, आणि तिथे दादा नव्हता.

तिथे एक अनोळखी तरुण होता. त्याचे केस डोक्याला असे चिकटले होते, की जणू कोणी इस्त्री फिरवून घडी घालायला विसरलं होतं. पिनूच्या मनात भीतीच्या आधी कणव आली. धंद्याचा दोष.

“तुम्ही कोण?” ती म्हणाली.

“तुम्ही... तपासणीला येणाऱ्या मॅडम नाही?”

“मी केस कापते.”

त्याने हातातलं हेल्मेट टाकीवर ठेवलं. “मला सांगितलं होतं, मॅडम फार कडक आहेत, मध्ये बोलायचं नाही. मला वाटलं – टॉवेलचंही कळलं वाटतं वरपर्यंत.”

“म्हणजे तुम्हीही पलंगावर टाकता?”

“आता नाही टाकणार,” तो म्हणाला.

आता खऱ्या मॅडम कुठे होत्या? त्या त्याच कोपऱ्यावर जरा उशिरा आल्या आणि काळं, गोल, लाल पट्टीचं हेल्मेट घातलेल्या दादाच्या मागे बसल्या. दादाने त्यांना थेट सलूनसमोर उतरवलं. बाबांनी त्यांना खुर्चीत बसवलं, कारण बाबा कोणालाही खुर्चीत बसवत. मॅडम दुसऱ्या दिवशी तपासणीला गेल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर सुरेख कट होता, आणि तक्रार कशाचीच नव्हती.

त्या फाटकाच्या आत हेल्मेट तपासणी केंद्र होतं. तो तिथे हेल्मेटं फोडायचा. तीच नोकरी. एक उंच खांब, खाली लोखंडी ऐरण आणि मधे धातूचं एक डोकं. त्या डोक्याला हेल्मेट घालायचं, वर न्यायचं आणि सोडून द्यायचं. पाऊस थांबेपर्यंत पिनू आत थांबली तेव्हा त्याने तिला एकदा करून दाखवलं. सोडण्याआधी त्याने त्या धातूच्या टकलावर हलकेच थाप मारली आणि म्हणाला, “सांभाळून.”

मग धाडकन आवाज झाला. पिनूने डोळे मिटून घेतले होते.

“त्याला लागत नाही,” ती म्हणाली. स्वतःलाच सांगत होती बहुतेक.

“माहीत आहे. पण रोज सांगतो.”

“का?”

“सवय होऊ नये म्हणून... मला.”

या उत्तरावर पिनूला काहीतरी छान बोलायचं होतं. पण नेमक्या त्या वेळी तिच्या दातांत पिना नव्हत्या, आणि पिनांशिवाय तिला पटकन बोलणं सुचत नसे.

तिची पिनांची डबी त्याच्या टेबलावर राहिली. ती मुद्दाम राहिली की चुकून, यावर पुढे पिनूच्या घरात बरेच वाद झाले. निकाल लागला नाही.

डबी परत द्यायला तो सलूनच्या दारात आला, हेल्मेटसकट. दारावर पाटी होती : ‘हेल्मेट घालून आत येऊ नये.’ खाली बारीक अक्षरात : ‘मोकळं डोकं मंडळ.’ बाबा या मंडळाचे अध्यक्ष होते. कायदा आल्यापासून त्यांच्या कलेची धूळधाण चालली होती. तासभर खपून त्यांनी कोंबडा उभा करावा, आणि गिऱ्हाईक पहिल्याच सिग्नलला पोचेस्तोवर त्याचं थालीपीठ व्हावं.

त्याने हेल्मेट काढलं. बाबांनी ते डोकं पाहिलं आणि हातातली कात्री खाली ठेवली.

“बस,” ते म्हणाले.

“काका, मी फक्त ही डबी –”

“डबी राहू दे. हे असं डोकं घेऊन तू माझ्या दारातून परत गेलास तर लोक काय म्हणतील?”

तो बसला. पडद्यामागे पिनू एकीची वेणी घालत होती. ती वेणी त्या दिवशी तीन वेळा उसवावी लागली.

“काम काय करतोस?”

“हेल्मेटं फोडतो.”

बाबांचा चेहरा उजळला. “अरे वा. मग आपलाच माणूस.”

“म्हणजे, चांगली आहेत का ते बघायला फोडतो.”

बाबांचा चेहरा मावळला. “डोकेफोड्या,” ते म्हणाले, आणि तेच त्याचं नाव पडलं. “मला एक सांग. डोकं कोणाचं? माझं. मग त्यावर काय घालायचं ते सरकार कोण सांगणार?”

“डोकं तुमचंच, काका.”

“फुटलं तरी माझंच.”

“फुटेपर्यंत तुमचं,” डोकेफोड्या आरशात बघत म्हणाला. “नंतर ते घरच्यांचं होतं. उशाशी तेच बसतात.”

कात्री क्षणभर थांबली. पडद्यामागची बाई हळूच म्हणाली, “अगं, ओढू नकोस ना इतकं.”

त्यानंतर तो दर आठवड्याला केस कापायला यायला लागला. केसांचा वाढण्याचा वेग आणि माणसाचा प्रेमात पडण्याचा वेग यांचा मेळ बसत नाही. दोन महिन्यांत त्याच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तो दाढीवर आला. दाढीही संपली, तेव्हा तो नुसता पेपर वाचायला यायचा आणि पडद्याकडे बघून पान उलटायचा.

“पेपर उलटा आहे,” पडद्यामागून आवाज यायचा.

“तुम्हाला तिथून दिसतं?”

“फटीसमोर आरसा आहे. सगळं दिसतं.”

“मग इतके दिवस सांगितलं नाहीत?”

“मला वाटलं, तुम्ही तसाच वाचता.”

कधी बाहेरच्या कामावरून तो तिला घरी सोडायचा. गाडी सुरू झाली की दोघांची दोन हेल्मेटं, आणि मधे वारा. तो काहीतरी बोलायचा, ती “काय?” म्हणायची, तो “काही नाही” म्हणायचा. बरेच दिवस त्यांचं प्रेम एवढ्याच शब्दांवर चाललं. एकदा वळणावरच्या मोठ्या झाडाखाली तिने त्याला गाडी थांबवायला लावली, हेल्मेट काढायला लावलं आणि विचारलं, “आत्ता काय म्हणालास?”

ती पहिल्यांदाच ‘लास’ म्हणाली होती. त्याने केसांवरून हात फिरवला. तिथे केस नव्हते.

“म्हणालो... समोर खड्डा आहे.”

“आणि त्याच्या आधी?”

“त्याच्या आधीही खड्डाच होता.” मग हातातल्या हेल्मेटकडे बघत, “मधे एक वाक्य होतं. ते थांबून बोलण्याइतकी हिंमत अजून आली नाही.”

“आली की थांबव,” पिनू म्हणाली, आणि हेल्मेटची काच खाली ओढली. चेहरा लाल झालेला दिसू नये, इतका उपयोग त्या हेल्मेटचा तेव्हा तरी झाला.

घरी तिनेच विषय काढला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, वस्तरा पुसला आणि म्हणाले, “मुलगा वाईट नाही. टाळू चांगली आहे. पण रविवारी आपला मोर्चा आहे. मोटारसायकलींचा, उघड्या डोक्याने. त्यात येऊ दे त्याला. नाही आला तर या घरात दाढीलासुद्धा नको.”

“बाबा, हे काय झालं?”

“अध्यक्षाचा जावई हेल्मेट घालून फिरला तर मंडळाने काय करायचं? टोप्या विणायच्या?”

पिनूने हा निरोप झाडाखाली पोचवला. तो बराच वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिला.

“मी रोज बघतो गं,” तो म्हणाला, “डोकं पडल्यावर काय होतं ते. उघड्या डोक्याने गाडीवर बसायचं म्हणजे... मला जमणार नाही. तुझ्यासाठीही नाही.”

“मग नाही येणार?”

“तसं कुठे म्हणालो?”

पिनूने त्या रात्री पिना मोजल्या, परत मोजल्या, आणि आकडा दोन्ही वेळा वेगळा आला.

रविवारी मोर्चा जमला. सगळ्यांचे केस बाबांनी पहाटेपासून स्वतः बसवले होते; इतकं देखणं आंदोलन त्या रस्त्याने आधी पाहिलं नव्हतं. बाबा सगळ्यांत पुढे. त्यांच्या मागच्या सीटवर पिनू येऊन बसली – हेल्मेट घालून.

“माझ्या मोर्चात हेल्मेट?”

“डोकं माझं, बाबा,” पिनू म्हणाली. अध्यक्षांना स्वतःचीच घोषणा खोडता येईना.

तेवढ्यात डोकेफोड्या आला. डोकं उघडं, भांग पाडलेला, जेवढा पडेल तेवढा. पण गाडी नव्हती. तो चालत आला होता.

“गाडी कुठे?” बाबा म्हणाले.

“घरी. काका, तुम्ही म्हणालात उघड्या डोक्याने मोर्चात ये. आलो. पायी चालणाऱ्याला हेल्मेट लागत नाही.”

आणि तो मोर्चाच्या पुढे चालायला लागला. रस्त्याच्या मधोमध. त्याला ओलांडून जावं तर अध्यक्षांच्या पुढे कोण जाणार, आणि अध्यक्षांनी त्याला उडवावं तर मुलगी मागे बसलेली. मग सगळा मोर्चा पहिल्या गिअरमध्ये, त्याच्या चालीने निघाला. मागे इंजिनं तापली. एका सायकलवाल्याने मोर्चाला मागे टाकलं, आणि मग एका आजोबांनीही.

“भराभर चाल की,” बाबा म्हणाले.

“चप्पल चावतेय, काका.”

बाबांनी गाडी त्याच्या शेजारी आणली. मग बाबांनी मागे मानेने खूण केली आणि आवाज खाली आणला. “तिला ऐकू नाही येणार त्या डबड्यातून. तुला सांगतो. केसांचं नाहीये रे हे.”

पिनूची काच वर होती. गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

“आमची ही मागे बसायची,” बाबा म्हणाले. “जन्मभर मागून बोलली. सलून उघडायचं ठरलं ते गाडीवर, या पोरीचं नाव ठेवलं ते गाडीवर. निम्मं वाऱ्यात जायचं, मी नुसतं हं हं करायचो. पण कानाशी बोलायची ना... मानेला ऊब लागायची. ती गेल्यावरही त्या वळणावर मला अजून – जाऊ दे. तुझं ते हेल्मेट घातलं आणि एकदम सगळं बंद झालं. मी घाबरून काढून टाकलं.”

आता हा काहीतरी आकडे सांगेल, ऐरण सांगेल, असं पिनूला वाटलं.

“हो काका,” डोकेफोड्या म्हणाला. “तेवढं जातं. त्यावर आमच्याकडे काही उपाय नाही.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत त्यांचं म्हणणं पहिल्यांदाच कोणीतरी मान्य केलं होतं, आणि तेही नेमकं याने.

“बाबा,” मागून पिनू म्हणाली, “गाडी थांबवा.”

गाडी थांबली. मागे सगळा मोर्चा एकमेकांवर येऊन थांबला. पिनूने हेल्मेट काढलं, पुढे वाकली आणि अगदी आईसारखी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “घालत जा हो ते. मला बोलायचं असलं की मी पाठीवर थाप मारीन. तुम्ही नुसती गाडी थांबवायची, काढायचं, ऐकायचं आणि परत घालायचं. उशीर होईल. होऊ दे.”

बाबा समोर बघत राहिले. त्यांची मान लाल झाली होती. “आणि याचं काय?” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

“याचं एक वाक्य राहिलंय,” पिनू म्हणाली. “सगळं थांबलेलंच आहे. बोल आता.”

मागे हॉर्न वाजायला लागले. डोकेफोड्याने मोर्चाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि मग ते वाक्य बोलला. ते इथे देत नाही, कारण ते अगदी साधं होतं, आणि तुम्हाला कोणीतरी म्हटलं असेलच... नसेल तर म्हणेल. पिनूने एवढंच विचारलं, “काय?” तिला ऐकू आलं होतं. तिला परत हवं होतं.

याला आता बरीच वर्षं झाली. हेल्मेटं रंगीबेरंगी झाली, सासऱ्यांना जावई पुन्हा ओळखू यायला लागले. सलूनच्या दारावरची पाटी बाबांनी स्वतः उतरवली, आणि मंडळाच्या सभासदांना हेल्मेटखाली टिकणारा कट काढून दिला. पिनू आणि डोकेफोड्या अजूनही बोलायचं झालं की रस्त्याच्या कडेला थांबतात. भले लोक गाडी बंद पडली समजून मदतीला येतात. “काही नाही, भांडतोय,” पिनू सांगते. माणसं समजूतदारपणे निघून जातात.

परवा ते दोघे वळणावरच्या झाडापाशी आले, तर पुढे एक जुनी मोटारसायकल कडेला उभी होती. बाबा होते. एकटेच. हेल्मेट काढून टाकीवर ठेवलेलं, मान किंचित मागे कललेली, वाऱ्याने पांढरे केस विस्कटलेले, आणि ते विस्कटू देत ते नुसते हं... हं... म्हणत बसले होते.

डोकेफोड्याने गाडीचा वेग कमी केला. पिनूने त्याच्या पाठीवर थाप मारली नाही. नुसता हात ठेवला, पुढे चल असा, आणि आवाज होऊ नये अशा बेताने ते शेजारून निघून गेले. वळण संपताना तिने मागे वळून पाहिलं. बाबा हेल्मेट चढवून पट्टा लावत होते.