मालनबाईंची गोधडी

"हे मला दत्तोपंतांनी स्वतः सांगितलंय," आबाजी म्हणाले. किडे येतात म्हणून ओटीवरचा दिवा घालवला होता. रुपेश नि मेघा, दोघं नातवंडं, त्यांच्याजवळ सरकून बसली होती. "आणि शेवटी जे उरलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा मधे बोलू नका."

मग त्यांनी सांगायला घेतलं.

बारा डिसेंबर दोन हजार तेवीस, मंगळवार. सकाळी दत्तोपंत कर्जत स्टेशनवर गेले, पुण्याहून येणाऱ्या सुचेताबाईंना आणायला. दहिवलीत इतिहास मंडळाचं दोन खोल्यांचं संग्रहालय होतं. दोन तलवारी, भात मोजायच्या पायल्या, तांब्याची भांडी. दत्तोपंत सव्वीस वर्षं त्याची किल्ली सांभाळत होते, बिनपगारी. सुचेताबाईंचा पेशाच लहान संग्रहालयांची पाहणी करण्याचा. वस्तू कशा ठेवल्यात, ओल कुठं आहे, कसर कशाला लागलीय, हे बघून त्या अहवाल देत.

दुपारपर्यंत दत्तोपंत खुशीत होते. बाईंनी पायल्यांचं कौतुक केलं, भिंतीची ओल टिपून घेतली. मग त्यांनी कोपऱ्यातलं कपाट उघडायला सांगितलं.

कपाटात मालनबाईंची गोधडी होती. मालनबाई खालापूरकडच्या. त्यांची वाडी धरणाखाली गेली. वाडी उठली तेव्हा त्यांनी घरोघरचे जुने कपडे मागून ही गोधडी शिवली होती. सासऱ्याचं धोतर, जावेचं लुगडं, वाडीतल्या प्रत्येक घराचं एकेक ठिगळ. मरायच्या आधी त्या स्वतः ती घेऊन मंडळात आल्या. दत्तोपंतांच्या हातात देताना म्हणाल्या, "दादा, हिला घरच्या मानसाचाच हात लागंल आसं बगा. परक्याचा नाय."

घरचं माणूस म्हणजे आपणच, असं दत्तोपंतांनी धरलं. दर महिन्याला कपाट उघडायचं, डांबरगोळ्या बदलायच्या, चौघडी घालून परत ठेवायचं. दुसऱ्या कुणाला बोट लावू दिलं नाही.

सुचेताबाईंनी गोधडी टेबलावर पसरली.

"काका, ही घडी कोण घालतं?"

"मीच."

"नेहमी याच रेघेवर?"

"नेहमी. बोटभरही इकडंतिकडं नाही."

बाईंनी घडीवरून हात फिरवला. मधोमध कापड विरून तळहाताएवढं भोक पडलं होतं. "घडीनंच विरलीय ही," त्या हळूच म्हणाल्या. "नळीवर गुंडाळून ठेवायला हवी होती." मग त्यांनी भोकात टॉर्च धरला आणि खाली वाकल्या. "आत बाळाचं झबलं आहे. अख्खं. तुम्ही पाहिलं असेल ना?"

दत्तोपंतांनी पाहिलं नव्हतं. सव्वीस वर्षांत नाही.

बाई फोटो काढत होत्या, गोधडी अलगद उलटत होत्या, आणि दत्तोपंत नुसते त्यांच्या हातांकडे बघत होते. गोधडीनं त्या हातांना अर्ध्या तासात पोटातलं दाखवलं होतं. बाईंनी ती मलमलीत घालून जाड नळीवर गुंडाळली. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "पंत, उद्या किल्ली माझ्याकडे द्या. आपण कुणाला तरी शिकवून तयार करू. तुम्ही खूप केलंत."

रात्री त्यांना जेवण गेलं नाही. डोळ्यांसमोर एकच होतं. बाईंचा तो हात, गोधडीवर.

पावणेबाराला ते उठले. खांद्यावर शाल टाकली, पूल ओलांडला, दहिवलीत आले. त्यांना काही चोरायचं नव्हतं. शेवटच्या रात्री तरी ती आपल्या घडीत असावी, एवढंच. दिवा लावला असता तर शेजारी उठले असते. त्यांनी टॉर्च टेबलावर ठेवला. शाल खुर्चीवर टाकली. गोधडी नळीवरून सोडवली. जुनी रेघ बोटांना पाठ होती. एक घडी. दुसरी. घडी बसावी म्हणून त्यांनी डावा हात तिच्यावर दाबून धरला.

टॉर्च विझला.

ते उजव्या हातानं टॉर्च चाचपू लागले. डावा हात उचलायला गेले...

उचलेना.

बाही कुठंतरी अडकली होती. त्यांनी ओढली. पलीकडून कुणीतरी ओढली.

सर्र...

जाड कापडातून दोरा खेचल्यासारखा आवाज. मग शांतता. मग पुन्हा. सर्र... बाहीला हलका हिसका. पुन्हा शांतता. घाई नव्हती. कुणीतरी रोजचं काम करत होतं.

"मालनबाई..." ते म्हणाले. "मीच आहे. घरचा..."

आवाज थांबला. कानाजवळ श्वास होता. कुणी तरी खाली वाकलं होतं. अगदी मनगटापाशी.

कट्.

दातानं दोरा तोडला.

हात सुटला.

आबाजी थांबले.

"मग?" मेघानं विचारलं.

"मग काय. पळाला. शाल कशी उचलली, कपाट लावलं की नाही, काही आठवत नाही म्हणाला. पहाटे माझ्या दारात उभा. शाल अंगाशी घट्ट धरलेली. म्हणाला, आबा, माझ्याबरोबर चल, मला एकट्याला नाही जायचं तिकडं."

नऊ वाजता सगळे जमले. गोधडी टेबलावर होती, अर्धवट घडीत. सुचेताबाईंनी ती उलगडली. कालचा फोटो काढून शेजारी धरला.

भोक बुजलं होतं. झबलं दिसत नव्हतं. त्यावर तळहाताएवढं ठिगळ, निळ्या चौकटीच्या कापडाचं.

"काका, तुम्ही शिवलंत?"

दत्तोपंतांनी किल्ली टेबलावर ठेवली. मग शाल बाजूला केली. अंगात कालचाच शर्ट होता. निळ्या चौकटीचा. डाव्या बाहीला मनगटाजवळ तेवढाच तुकडा नव्हता. कडा सरळ. खालच्या हातावर ओरखडासुद्धा नाही.

बाईंनी भिंग घेतलं. ठिगळाचे टाके पाहिले, मग कडेचे जुने टाके पाहिले, पुन्हा ठिगळाचे. अहवालात त्यांनी त्या गोधडीखाली जे लिहिलं, ते मी वाचलंय. "मधले ठिगळ नवे, कालच्या फोटोत नाही. शिवणारा हात बाकीच्या गोधडीचाच."