बाप्तिस्म्याचं टाकं

मध्ये कोणी बोलायचं नाही, पोरांनो. ही गोष्ट जयवंत गवंड्याची. मूळचा चंदगडचा माणूस. माझ्या शेजारी नऊ वर्षं भाड्यानं राहिला, आणि हे त्यानं मला एकदाच सांगितलं.

तारीख लक्षात ठेवा. एकोणीसशे एकोणनव्वद, अठरा नोव्हेंबर, शनिवार. मुळगावच्या माळावर बाप्तिस्त लोकांचं नवं प्रार्थनाघर उभं राहिलं होतं, दुसऱ्या दिवशी उद्घाटन. आपल्याकडच्या इगर्जीसारखं, जुन्या चर्चसारखं, नव्हे हं. ना मनोरा, ना मूर्ती. चिऱ्याच्या भिंती, वर सपाट स्लॅब, लांबट खिडक्या. गावातले विचारायचे, "ही इगर्ज काय शाळा रे?" पण आत व्यासपीठाजवळ जमिनीत एक टाकं होतं, पाच पायऱ्यांचं, छातीभर पाण्याचं. त्यांच्यात तान्ह्या पोराच्या कपाळावर पाणी शिंपडत नाहीत. जाणतं माणूस आपल्या तोंडानं पाप कबूल करतं, मग त्याला अख्खं बुडवून वर काढतात.

"जयवंत, टाकं भरून ठेव, सकाळी तिघांचा बाप्तिस्मा आहे," असं सांगून त्यांचे धर्मगुरू, पाळकसाहेब, घरी गेले. जयवंतनं विहिरीवरचा पंप चालू केला. काम साधं, पण त्या टाक्याकडे बघायचंच त्याच्या जिवावर यायचं.

कारण मे महिन्यात तिथंच हौसा बुडाली होती, जयवंतच्या हाताखालच्या विठू बिगाऱ्याची बायको. टाकं गळतंय का ते पाहायला पाणी कोंडलं होतं, आणि रात्री वर फळ्या अंथरायचा नियम. उंच भिंतीच्या गिलाव्याला परांची कमी पडली, म्हणून जयवंतनं त्या फळ्या उचलल्या. संध्याकाळी परत घालायला विसरला. पहाटे अंधारात हौसा केर काढायला आत गेली, पायरीवर डोकं आपटून पाण्यात पडली... पंचनाम्याच्या वेळी जयवंत म्हणाला, "म्या फळ्या घातल्या हुत्या. कापडं धुवायला तिनंच काढल्या असतील." मेलेल्याच्या माथी मारलं की उलटून बोलायला कोण येतंय? विठूनंसुद्धा ते खरं मानलं. तो मुळगाव सोडून लाटंबार्शाला एका काजूच्या बागेत राखणीला राहिला.

तर साडेसात वाजले असतील. पाणी चढत चढत वरून दुसऱ्या पायरीला आलं आणि थांबलं. पंप चालूच. गळती कुठं दिसेना. जयवंत काठावर वाकला.

"दादा, फळ्या घातल्या हुत्या का?"

आवाज हौसाचा. रागाचा नव्हे, साधा. सहा महिने घोकलेलं उत्तर जयवंतच्या तोंडून आपसूक गेलं.

"घातल्या हुत्या."

पाणी एक पायरी उतरलं.

"घातल्या हुत्या का?"

"व्हय... घातल्या..."

आणखी एक पायरी.

पंप बंद पडला. मागे कोणी नाही. पुढे कोणी नाही.

"न्हाई," जयवंत रडायला लागला. "न्हाई घातल्या, हौसा. इसरलो. आन् वर खोटं बोललो."

पंप बंद. तरी पाणी चढलं. काठोकाठ.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "त्यांस्नी सांगा."

जयवंतनं सायकल लाटंबार्शाच्या वाटेला काढली. रस्ता सपाट, तरी पायडल जड. मागं वळून बघायची छाती झाली नाही. नऊच्या सुमारास बागेच्या फाटकावरचा दिवा दिसला. विठू खोपीतून बघत होता. चुलीवर चहा होताच. जयवंत सायकल लावून आत येईतो त्यानं तीन ग्लास भरले.

"तीन कुणाला रं?" जयवंतनं विचारलं.

"तुमच्या मागं कॅरेजवर बाई बसल्याली न्हवं? फाटकाच्या उजेडात दिसली. वैनीस्नी बाहेरच का उभं केलंय?"

जयवंत खाली बसला. मान वर न करता सगळं सांगितलं. फळ्या. परांची. पंचनामा. सगळं.

विठू एवढंच बोलला, "दादा, सा म्हैनं मी तिला शिव्या देतुया. धुण्यापायी जीव घालवलास म्हनून..." आणि तोंडावर पंचा दाबून लहान पोरासारखा रडला.

जयवंतनं तेव्हा मान वर केली. त्याचा चहा तसाच, वर साय धरलेला. विठूचाही तसाच.

तिसरा ग्लास रिकामा होता.