कुंकवावर चिकटवलेला व्हायझर

गाडीची मागची काच चार बोटं खाली केली की कानात धप् धप् धप् का होतं? वारा तर सरळ समोरून येतो, मग आत ढोल कोण बडवतं? एरवी शाल्मलीनं हा प्रश्न विचारून विचारून अण्णांचं डोकं खाल्लं असतं. अण्णा म्हणजे तिचे आजोबा. वातबोगद्यात (मोठ्या पंख्याचा वारा सोडून विमानं आणि गाड्या तपासायच्या दालनात) त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. पण आज, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अण्णा आपणहून समजावायला बसले होते आणि शाल्मलीची मान काही वर होत नव्हती.

कारण पडवीच्या कोपऱ्यात चिमटा उभा होता. बंद करून ठेवलेला.

चिमटा हा त्यांच्या घरचा यंत्रमानव. त्या काळात कराडमध्ये विजेवरच्या गाड्या इतक्या गुपचूप धावायच्या, की वाऱ्याचाच तेवढा आवाज यायचा. अण्णांना एसी सोसायचा नाही, काच थोडी उघडी हवीच. म्हणून बाबांनी व्हायझर (काचेच्या वरच्या कडेवर बसवायची, वारा आणि पाऊस बाहेरच वळवणारी पट्टी) आणायचे ठरवले, आणि निवड चिमट्यावर सोपवली.

"खाचेत सरकवायचे नकोत," चिमटा म्हणाला होता. "आपली काच आपोआप वर जाते. मध्ये काही लागलं, तर कुणाचं बोट सापडलं असं समजून ती परत खाली येते. बाहेरून चिकटवायचे घेऊ. पण याच गाडीच्या मापाचे, आणि काळेकुट्ट नकोत, बाजूचा आरसा दिसायला हवा."

चिकटवायची रीतही त्यानं सांगितली होती. दाराची कड स्पिरिटनं पुसायची, वाळू द्यायची, पट्टी नीट दाबून धरायची आणि पूर्ण एक दिवस गाडी धुवायची नाही, पळवायचीही नाही.

एक दिवस! शाल्मलीला कुठला एवढा धीर? दसऱ्याच्या सकाळी गाडीची पूजा झाली होती आणि चारही दारांच्या कडांना तिनंच हौसेनं हळदकुंकू फासलं होतं. आता व्हायझर बसवायचे तर ते पुसायला हवं. पण सणासुदीचं, नुकतंच लावलेलं कुंकू पुसायचं? तिचा हात धजेना. मग तिनं चिमट्याला झेंडूची फुलं आणायला परसात पिटाळलं आणि सरळ कुंकवावरच पट्ट्या दाबून टाकल्या.

संध्याकाळी चिमट्याला घरी ठेवून सगळे सोनं वाटायला निघाले. गाडीनं महामार्गावर वेग घेतला आणि मागच्या दाराचा व्हायझर फाडकन उडाला. मागून येणाऱ्या स्कूटरवरच्या बाई पडता पडता वाचल्या.

"कुणी बसवला होता हा?" बाबा गरजले.

"चिमट्यानं," शाल्मली म्हणाली. शब्द तोंडातून गेला तो गेला.

घरी आल्यावर बाबांनी चिमट्याला एका शब्दानं विचारलं नाही. त्याच्या पाठीवरचं बटण दाबायच्या आधी त्यानं फक्त एकदा शाल्मलीकडे पाहिलं. आता दहा वाजता त्याला न्यायला कारखान्याची गाडी येणार होती. तिथं त्याची स्मृती पुसणार होते. तिला पाढे शिकवले ते, तिच्या तापात रात्रभर उशाशी बसला ते, सगळं सगळं जाणार होतं.

साडेनऊ झाले होते.

"इकडे बघ," अण्णा म्हणाले. त्यांनी एक रिकामी बाटली ओठांपाशी उभी धरली आणि बाटलीच्या तोंडावरून आडवी फुंकर मारली. भूंऽऽ असा आवाज आला. "फुंकर वरून गेली, पण घुमली आतली हवा. गाडी म्हणजे मोठी बाटली. वारा काचेच्या कडेला अडखळतो, त्याचे भोवरे होतात, आणि एकेक भोवरा आतल्या हवेला धक्का देतो. तीच तुझी धपधप. व्हायझर वाऱ्याला जरा लांबून न्यायचं काम करतो. शिवाय त्याच्या आडोशाला हवेचा दाब (हवा जितक्या जोरानं रेटते तो जोर) कमी होतो. आत दाब जास्त, बाहेर कमी. मग आतली कोंदट हवा कुठं जाईल?"

"बाहेर," शाल्मली पुटपुटली.

"बरोब्बर! पण वारा त्या पट्टीलाही सतत ओढत असतो. वेग दुप्पट झाला, तर ओढ चौपट होते. म्हणून चिकटवणं पक्कं हवं."

असं म्हणत अण्णांनी रस्त्यावरून उचलून आणलेला व्हायझर उलटा केला. चिकटपट्टीवर लाल-पिवळी पूड बसली होती, आणि त्या पुडीत एका लहानशा अंगठ्याचा ठसा होता.

अण्णांनी तो पाहिला. शाल्मलीनंही पाहिला. अण्णा उगाच चष्मा पुसत बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिमट्याला अंगठा नव्हता. हातांच्या जागी त्याला दोन चिमटे होते, म्हणून तर तिनंच त्याचं हे नाव ठेवलं होतं.

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. बाबा बाहेर निघाले.

"बाबा, थांबा!" ती ओरडली आणि तिला रडूच फुटलं. "मी बसवला तो. कुंकवावर. पुसलं नाही, थांबलेही नाही. चिमट्याला मीच परसात पाठवलं होतं. मी खोटं बोलले."

"त्या बाई पडल्या असत्या, शालू," एवढंच बाबा म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे, "आणि मीही त्याला विचारलं नाही." त्यांनी कारखान्याच्या माणसाला हात जोडून परत पाठवलं.

बटण शाल्मलीनं दाबलं. चिमट्याचे डोळे उजळले.

त्या दिवशी चारही व्हायझर काढून, कडा स्पिरिटनं पुसून, नवी चिकटपट्टी लावून पुन्हा बसवले. पुसायचं काम शाल्मलीचं, दाबायचं चिमट्याचं. पूर्ण एक दिवस गाडी जागची हलली नाही. मग बाबांनी ती हळूहळू वेगात नेली. अण्णांनी काचेच्या फटीशी उदबत्ती धरली, तर धुराची रेघ अलगद वर चढून बाहेर निघून गेली. धपधप बंद! अण्णांनी भरभरून श्वास घेतला. शाल्मली मात्र अजून खाली मान घालून बसली होती.

"माझ्या नोंदीत एक वाक्य आहे," शेजारी बसलेला चिमटा हळूच म्हणाला. "'शाल्मली खोटं बोलली.' तुला त्रास होत असेल, तर पुसू?"

"नको, काही पुसू नकोस," शाल्मली म्हणाली. "फक्त त्याच्याखाली लिही, की नंतर तिनंच सांगितलं."