मधला ठोका जोरात

पाचव्या मजल्याच्या थोडं खाली लिफ्ट थांबली आणि दिवा गेला. सहाव्या मजल्यावर माझी स्पॅनिशची तोंडी परीक्षा होती. नापास झाले तर दुभाष्याची नोकरी हातची जाणार... आणि मी इथे अंधारात, एका अनोळखी माणसाबरोबर!

घंटा दाबली. कुणी येईना. पाठ केलेली सगळी क्रियापदं घामाबरोबर वाहून गेली.

तेवढ्यात कोपऱ्यातून पत्र्यावर बोटाचे ठोके ऐकू आले – टक्, टाक्, टक्. मधला जोरात.

असे ठोके एकाच बाईंचे विद्यार्थी देतात! आमच्या बाई प्रत्येक क्रियापदाचे तुकडे पाडून टेबलावर वाजवून घेतात. जिथे आघात, तिथे ठोका जोरात.

"आ-ब्ला-मोस?" मी चाचरत विचारलं.

"हो. 'आपण बोलतो'. मी तुमच्या आधीच्या बॅचचा."

"मला फार भीती वाटतेय हो..."

"मग बोलत राहू. मूळ कुठलं?"

"आब्ल."

"शेपूट?"

"मोस. म्हणजे आपण."

"आता 'मी बोलेन' वाजवा."

आ-ब्ला-रे, जोर शेवटी. पण घाबरून मोजणी चुकली आणि चार ठोके पडले.

"एक फुकट दिलात," तो म्हणाला. "असू दे. भविष्यकाळ सुचतोय ना, म्हणजे जगणार आपण."

रडू येत होतं, तरी मी हसले.

वॉचमननं आम्हाला पाचव्यावर ओढून काढलं, तेव्हा वरच्या मजल्यावर माझं नाव पुकारत होते. धावत आत गेले तर पहिलंच क्रियापद आठवेना. मी टेबलाखाली गुडघ्यावर बोट वाजवत राहिले... आणि हळूहळू शब्द आले. परीक्षक बाई चक्क हसल्या. "पास."

बाहेर तो बाकावर बसला होता, पांढराफटक.

"आता तुमची परीक्षा?"

"माझी मागच्याच आठवड्यात झाली. मला लिफ्टची भीती वाटते. मी कायम जिन्यानं जातो-येतो."

"मग आज कशाला चढलात?"

"रोज माझा तास संपवून मी जिना उतरतो, तेव्हा तुम्ही तुमच्या तासासाठी लिफ्टपाशी उभ्या असता. म्हटलं, आज तरी बोलू... तर दिवाच गेला."

"म्हणजे ते ठोके–"

"माझ्या स्वतःच्या धीरासाठी होते."

मला पुन्हा भीती वाटली, परीक्षेपेक्षाही जास्त. तरी मी त्याचा हात धरला. तळहात घामानं ओला होता.

"चला, जिन्यानं उतरू."

"सहा मजले?"

"सावकाश उतरू," मी म्हणाले. "मला बोलायचंय."