अंगठ्यांची रेघ

थैलीतून परत आलेल्या वस्तू तंत्रज्ञ मुलीने टेबलावर मांडल्या: हृदयाचे ठोके नोंदवणारं, पत्त्यांच्या कॅटएवढं यंत्र एक, त्याची वायर एक, घडीही न मोडलेला सूचनांचा कागद एक. यंत्रात नोंदी सात.

"सात?" समोरची क्रेनवाली हसली. "मी एकही घेतली नाही."

हे ती उजळ माथ्याने सांगत होती. बांधकामावरची उंच क्रेन ती चालवायची. अधूनमधून छातीत धडधडायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण दवाखान्यात आली की ठोके गुणी बाळासारखे सरळ. म्हणून डॉक्टरांनी यंत्र सोबत दिलं. धडधड झाली की दोन्ही अंगठे त्याच्या दोन पट्ट्यांवर अर्धं मिनिट टेकवायचे, म्हणजे पडद्यावर ठोक्यांची रेघ उमटते. क्रेनवालीने ते केबिनच्या खणात टाकलं आणि पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. रेघ वाकडी आली तर केबिन बंद होणार, आणि जमिनीवरचं कुठलंच काम तिला येत नव्हतं.

"आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला मी खुळी नाही, पोरी."

"पण ताई, अंगठे टेकल्याशिवाय यात रेघच उमटत नाही. केबिनमध्ये दुसरं कोण येतं?"

"एवढी शिडी चढून? आमचा मुकादम खालून हात हलवतो, तोही डोळे मिटून."

सातही नोंदी भर कामातल्या होत्या. त्या वेळी क्रेनवालीचे दोन्ही हात दांड्यांवर असायचे. रेघ प्रत्येक वेळी तीच: सावकाश, मिनिटाला एकेचाळीस ठोके.

यंत्रच बिघडलं असणार. मुलीने पट्ट्या स्पिरिटने पुसल्या. आधी स्वतःचे अंगठे टेकवले: ब्याऐंशी. मग क्रेनवालीचे: शहात्तर, स्वच्छ. तिच्या ठोक्याचं टोक उंच, निमुळतं. त्या सातांमधलं बसकं, पसरट. यंत्र ठणठणीत होतं.

"म्हणजे ते माझे नाहीत."

"नाहीत."

"मग तसं लिही."

"कुणाचे म्हणून विचारतील."

"विचारू देत. केबिन माझी जाता कामा नये."

"ताई, धडधडतं नेमकं कुठे?"

क्रेनवालीने बोट छताकडे केलं. "वर. खाली कधीच नाही."

मुलीने यंत्र टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि हात काढून घेतला. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. स्पिरिटचा वास अजून गेला नव्हता. दोघींचे हात आपापल्या मांडीवर होते.

यंत्राचा पडदा उजळला.

कोरड्या पट्ट्यांवर वाफ धरली. दोन ठिपके, अंगठ्याएवढे.

रेघ सुरू झाली. बसकी, पसरट. एकेचाळीस.

मुलीने नकळत खुर्ची मागे सरकवली. क्रेनवालीने स्वतःची पुढे ओढली. पट्ट्यांवर वाकून, नव्या कामगाराला समज द्यावी तशा हलक्या आवाजात ती बोलली.

"केबिनमध्ये खुर्ची एक आहे. तिच्यावर मी बसते. उद्या सकाळी चढणार, परवाही चढणार. तुझं तू बघ."

रेघ सपाट झाली.

वाफेचे ठिपके हलले नाहीत.

मग रेघ पुन्हा उठली. तीच बसकी, पसरट; पण आता मिनिटाला एकशे अठरा.